माझ्या हॉलमधला सुगरणीचा खोपा

रविवारी सकाळी सुप्याजवळ भावाच्या मळ्यात होते. शेजारच्या विहिरीवर एक माणूस लांब बांबूला कोयता बांधताना दिसला.

त्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे वीसेक खोपे लोंबतात. हायवेवरच्या कुठल्याशा ढाब्याला ते सजावटीसाठी हवे होते म्हणे... बांधावर टेम्पो उभा! “मॅडम, रिकामेच आहेत सगळे,” म्हणाला.

रिकामे? टोपीसारखे अर्धवट खोपे रिकामे, मान्य. त्यांना लटकून पिवळ्या डोक्याचे नर पंख फडफडवत माद्यांना बोलावत होते. पण लांब नळीचे? तिथे मळकट रंगाची मादी चोचीत अळी धरून खालून आत शिरत होती. रिकाम्या घरी कोणी डबा पोचवतं का?

त्याने कोयता घातलाच. फांदी हलली, खोपे हेलकावले, खाली खोल काळं पाणी... आणि आतून बारीक चिवचिव आली. मी बांबू धरला. आवाज चढवू नये, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं. मी चढवला.

“आधी आत हात घाल, मग रिकामा म्हण!”

विहिरीच्या मालकीण मंदाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. माझ्या घरी त्यांचं येणं-जाणं आहे. “बाई, तुमच्या हॉलमधी बी हाय की एक टांगलेला.”

“तो रिटायरमेंटला शाळेतल्यांनी दिलाय. रिकामा आहे.”

“तुमी हात घालून पाह्यला हुता का?”

मी बांबू सोडला. मंदाबाईच त्या माणसाला म्हणाल्या, “जा बाबा. पिल्लं उडाल्याबिगर यायचं न्हाई.” तो पुटपुटत गेला.

घरी येऊन खोपा उतरवला. नऊ वर्षं दर दिवाळीला मी त्याची धूळ झटकली होती... आत मात्र कधी पाहिलं नव्हतं. तासभर तो मांडीवर घेऊन बसले, धीर होईना. नळीतून बोट पुरेना, शेवटी कात्रीने त्याचं पोट उसवलं.

खोप्याच्या आतल्या भिंतीला पाखरांनी थापलेले, वाळलेल्या चिखलाचे गोळे. खाली मऊ गवतात दोन पांढरी अंडी... वजनच नसलेली.

मंदाबाईंना फोन केला. म्हटलं, “आज पाहिला हात घालून.”

त्यांनी काय निघालं ते विचारलं नाही. “उद्या या, पिल्लं बघायला,” एवढंच म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.