डोहावरच्या सहा बॅटऱ्या

सहाही पाहुणे डोहात होते. रेमसिंग भाऊ काठावर उकिडवे बसून पाण्यातून एक पान उचलत होते. मी सायकलींच्या चेन पुसत होतो. त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं.

"इंगळे भाऊ, दखा. हिरवं शे."

सागाचं पान होतं, देठाशी ताजं तुटलेलं. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता आणि आकाश निळंशार. जंगलातल्या पाण्यात पान नाही येणार तर काय येणार?

"पिवळं पान आपोआप गळस," ते म्हणाले. "हिरवं गळत नही, तुटस. वर डोंगरमा जोरमा पानी पडी ऱ्हायनं. यास्ले भाईर काढा."

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मूळचा पहूरचा, आयटीआय केलेला. जळगावात एका गाड्यांच्या शोरूममध्ये बारा वर्षं काढली. मग धुळ्याच्या एका टूर कंपनीने मला टेक्निशियन म्हणून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात आमचा बेस कॅम्प आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथून पाहुण्यांना इलेक्ट्रिक सायकलीवर जंगलातून अकरा किलोमीटर न्यायचं, डोहात पोहू द्यायचं, जेवू घालायचं आणि परत आणायचं. इलेक्ट्रिक सायकल म्हणजे मोपेड नव्हे. पेडल मारावंच लागतं, मोटर फक्त मागून हात लावते. बॅटरी काढून घेतली तरी सायकल चालते, पण पंचवीस किलोचं धूड चढावर ओढताना शहरी माणसाचा जीव जातो. बॅटरीला कुलूप असतं. सगळ्या कुलपांना चालणारी ही चावी फक्त टेक्निशियनकडे असावी, हा कंपनीचा नियम. तो नियम मीच लिहिला होता.

गाइड सगळ्यात पुढे असतो. शेवटच्या सायकलीवर मी. त्याला आमच्यात स्वीप म्हणतात. कोण मागे राहिलं, कोणाची चेन उतरली, हे बघणारा.

रेमसिंग पावरा त्या गावचेच. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक. पावसाळ्यात कोरडवाहू मका-ज्वारी, उन्हाळ्यात मोहफुलं, आणि पर्यटनाच्या मोसमात आमची गाइडगिरी. इंग्रजी येत नव्हतं, सर्टिफिकेट नव्हतं. पण तो डोह त्यांना घरच्या चुलीसारखा माहीत होता.

तर ते पान. मी मोबाइल काढला. टॉवर जेमतेम होता, पण हवामानाच्या अॅपवर सकाळी डाउनलोड केलेला अलर्ट दिसत होता. तालुक्यात पाऊस नाही, ग्रीन. आता इथेच गोम आहे. अॅप तालुक्याचं सांगतं. आमचा ओढा निघतो पलीकडे, मध्य प्रदेशच्या डोंगरात. तिथे ढग फुटला तर आमच्या डोक्यावर ऊन असतानाच पाणी येतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी रेमसिंग भाऊंना कळत होतं.

मी पाहुण्यांना हाक मारली. पुण्याच्या एका कंपनीची माणसं होती. त्यांच्यातले मोठे, एचआरचे साहेब, पाण्यात उताणे पडले होते. त्यांना सगळे एचआर साहेबच म्हणत होते, मीही तेच म्हणतो.

"सर, गाइड म्हणतायत बाहेर या. वर पाऊस झालाय."

"कुठे पाऊस? ऊन पडलंय. दोन तास सायकल हाणलीय आम्ही. अर्धा तास तरी पोहू द्या."

"पण सर..."

"तुमचं अॅप काय म्हणतंय?"

"ग्रीन आहे, सर."

मी खरं सांगितलं. खरं सांगूनही माणूस किती माती खाऊ शकतो, ते तेव्हा कळलं. रेमसिंग भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिट्टी काढली. तीन लांब शिट्ट्या म्हणजे ताबडतोब बाहेर. हे सकाळी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. पाण्यातल्या लोकांनी त्या शिट्टीवर टाळ्यांचा ठेका धरला. एकाने उलट शिट्टी मारली.

पाण्यावर आता फेसाच्या रेघा दिसायला लागल्या होत्या. काठाजवळचं पाणी चहासारखं झालं होतं. तेही मला दिसलं ते रेमसिंग भाऊंनी बोट दाखवल्यावर.

मग ते उठले. जेवणाच्या डब्यांचं पोतं वाळूत रिकामं केलं आणि सायकलींच्या रांगेकडे गेले. खट, खट, खट. कुलपं उघडायचा आवाज मी झोपेतही ओळखीन. त्यांनी पाहुण्यांच्या सहाही बॅटऱ्या काढल्या, पोत्यात भरल्या, पोतं पाठीवर टाकलं आणि टेकाडाच्या चढाला लागले. एक बॅटरी तीन किलोची. अठरा किलो घेऊन तो माणूस उभ्या चढावर पळत होता.

"अरे, बॅटऱ्या घेऊन पळतोय!" पाण्यातून कोणीतरी ओरडलं.

सहाही जण एका दमात बाहेर. शिट्टीने जे झालं नाही ते चोरीच्या संशयाने झालं. ओले, अनवाणी, चड्डीवर, शिव्या देत ते टेकाड चढले. मीही मागे धावलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

वर मोहाच्या झाडाखाली रेमसिंग भाऊ पोतं ठेवून उभे होते. एचआर साहेब पहिले पोहोचले. त्यांनी काही विचारलं नाही. सरळ थोबाडीत दिली. आवाज मला खालपर्यंत आला.

"चोर साला."

रेमसिंग भाऊंनी हात उचलला नाही. ते आमच्याकडे बघत ओठांत काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "तीन... चार... पाच... सहा. बठ्ठा उनात." सगळे आले का, माणसं मोजत होते.

एचआर साहेबांनी दुसऱ्यांदा हात उगारला आणि तेवढ्यात खालून आवाज आला. सिनेमात दाखवतात तशी पाण्याची भिंत वगैरे नव्हती. तपकिरी पाणी आलं, लाकडं आणि झुडपं घेऊन, आणि चढतच गेलं. आमच्या सायकली होत्या ती वाळू पाहता पाहता दिसेनाशी झाली. आमच्या दोघांच्या धरून आठांतल्या चार सायकली वाहून गेल्या, चार एका खडकाला अडकल्या. कपडे, बूट, तीन मोबाइल गेले. माणसं पोहत होती तिथे एक आख्खं झाड गरगर फिरत होतं.

पाहुण्यांतली एक मुलगी रडायला लागली. "काका, थँक यू," म्हणाली. एचआर साहेब दुसरीकडे बघत होते.

वरच्या पायवाटेने चालत परत यायला चार तास लागले. काट्याकुट्यांची वाट, आणि पाहुणे सगळे अनवाणी. रेमसिंग भाऊंनी आपल्या चपला काढून एचआर साहेबांना दिल्या. साहेबांनी घातल्या.

तिसऱ्या दिवशी मला धुळ्यात देवपूरच्या ऑफिसात बोलावणं आलं. परेश सर, आमचे मालक, तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि मेल वाचून दाखवला. मेलमध्ये लिहिलं होतं की गाइडने कोणतीही स्पष्ट सूचना न देता कंपनीच्या बॅटऱ्या चोरून पळ काढला. आम्ही त्याला पकडायला धावलो म्हणून केवळ नशिबाने वाचलो. अशा माणसाला कामावर ठेवणाऱ्या कंपनीबरोबर पुढच्या बॅचेस करायच्या की नाही, याचा विचार करावा लागेल. खाली सहा जणांची नावं होती. थँक यू म्हणणाऱ्या मुलीचंही होतं.

"सर, हे उलटं लिहिलंय," मी म्हणालो. "तो नसता तर सहा जणांना शोधायला आपल्याला नदीकाठ पालथा घालावा लागला असता."

"मला कळतं ते. त्यांनाही कळतं. म्हणून तर मेल आलाय."

"म्हणजे?"

"ज्याने जीव वाचवला त्याच्या थोबाडीत मारली, हे पुण्यात जाऊन कोण सांगेल? चोराला मारली, हे सांगता येतं." सरांनी चहाचा घोट घेतला. "ते राहू दे. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. कुलपाची चावी गाइडकडे आली कशी?"

मी दिली होती. दोन महिन्यांपूर्वी. चढावर कोणाची बॅटरी उतरली की मी शेपटाला, ते पुढे. बॅटरी बदलायला मी पोहोचेपर्यंत पाहुणे उन्हात उभे. म्हणून जादाची चावी मी त्यांना देऊन टाकली होती. नियम मोडून, पण कामासाठी.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं, असं मला अजून वाटतं.

"तू दिली असशील तर तुलाही काढावं लागेल," ते शांतपणे म्हणाले. "दिली नसशील, तर त्याने घेतली."

माझी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. शोरूमची नोकरी सोडलेली. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. त्या खुर्चीत बसून डोक्यात काय चाललं होतं, एवढंच सांगतोय.

"टूलकिटमध्ये होती, सर," मी म्हणालो.

सरांनी लिहिलं, 'टूलकिटमधून परवानगीशिवाय काढली.' मी सही केली.

माझे वडील एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. तिथे काही हरवलं की आधी आमच्या वस्तीतल्या माणसांच्या पिशव्या उलट्या व्हायच्या. वडील घरी येऊन जेवायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे. जिला हे बघून भूक लागायची नाही, त्या आईच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. आणि ती सही केली ते पेन माझ्याच खिशातलं होतं.

रेमसिंग भाऊंना फोनवर कळवलं गेलं की येऊ नका. आठ दिवसांनी ते कॅम्पवर आले. आत आले नाहीत. सायकली धुतो त्या नळाजवळ उभे राहिले.

"इंगळे भाऊ, एक काम शे."

"बोला ना, भाऊ."

"गावमा बठ्ठासले कळनं, मन्हावर चोरीना आळ शे. रविवारले पंच बसतीन. आमनाकडे असंच ऱ्हास. आळ उना की गावसमोर सांगनं पडस." मग म्हणाले, "तुम्ही या. एकच सांगा. चावी तुम्ही दिधी व्हती. कंपनीले नका सांगू. गावले सांगा."

त्यांना नोकरी परत नको होती. माझं पितळ कंपनीत उघडं करायचं नव्हतं. गावात ताठ मानेने बसता यावं, एवढंच हवं होतं. त्याला माझं एक वाक्य लागत होतं.

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

रविवारी दुसरी बॅच लागली. मी परेश सरांना सुट्टी मागितली आणि कारणही सांगून बसलो. ते म्हणाले, "तू तिथे बोललास म्हणजे कंपनी बोलली. उद्या कोणी त्याचा व्हिडिओ टाकला तर? मग आपली सही खोटी ठरते." आपली म्हणाले. मी टूरवर गेलो. तेवढे दिवस आम्ही डोहाऐवजी खालच्या बंधाऱ्यावर नेत होतो. पाहुण्यांनी मजा केली, माझ्या चेन स्वच्छ होत्या.

पुढचं मला गावच्या फाट्यावर चहाचा ठेला चालवणाऱ्या अक्कांनी सांगितलं. पंच सकाळी बसले. रेमसिंग भाऊंनी काय झालं ते सांगितलं आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. सगळे थांबले. दुपारी लोक घरी जाऊन भाकरी खाऊन परत आले. ऊन उतरलं तरी मी नव्हतो. एकाने विचारलं, आता रेमसिंगचं काय करायचं? दंड लावायचा का?

"मंग गावना म्हतारा पंच बोलना," अक्का म्हणाल्या. "चावी देनारा खरा ऱ्हाता तं येता. नही उना. चोर कोन शे, ते कळनं. उठा आते."

एवढं बोलून बैठक मोडली. रेमसिंग भाऊंना दंड झाला नाही. माझ्या येण्याने जे व्हायचं ते माझ्या न येण्याने झालं. पण आमच्या कंपनीत गावातलं कोणी कामाला जायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. रेमसिंग भाऊ दिवाळीनंतर बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेले.

आमच्याकडे आता धुळ्याहून गाइड येतो. त्याच्याकडे लाइफगार्डचं सर्टिफिकेट आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या दिवसाचा फोटो छापलाय, खडकाला अडकलेल्या सायकलींचा. खाली लिहिलंय, 'आमच्या प्रशिक्षित टीमच्या प्रसंगावधानामुळे सर्व पाहुणे सुखरूप.' मी आता ऑपरेशन्स हेड आहे. सुरक्षेचे नवे नियमही मीच लिहिले. त्यात एक कलम आहे की गाइडने कोणत्याही परिस्थितीत पाहुण्याच्या सायकलीला हात लावू नये. पाहुण्याने गाइडला हात लावू नये, असं कलम मी कच्च्या मसुद्यात घातलं होतं. सरांनी खोडलं. मी पुन्हा घातलं नाही.

या धंद्यात मी शिकलो ते एवढंच की गप्प राहिल्याने नोकरी टिकते. यात खोटं काही नाही, माझी टिकली आहे.

बॅचच्या आधी मी अजून फाट्यावर चहा घेतो. अक्का चहा देतात, साखर विचारतात. फक्त मी बाकावर बसलो की फळीवरचा आपला मोबाइल उचलतात आणि कनवटीला खोचतात. मी उठून गेल्यावर परत ठेवतात.