दोन ठिपके

माझी वहिनी सहा मुलांची आपल्या गाडीतून शाळेत ने-आण करते. दादा गेल्यापासून तिचं घर त्याच गाडीवर चालतं. गेल्या आठवड्यात स्टिअरिंग ढिलं लागायला लागलं. ती डावीकडे वळवायची आणि गाडी जरा विचार करून वळायची. वहिनीने त्याच संध्याकाळी सगळ्या पालकांना फोन करून सांगितलं, सोमवारपर्यंत मुलांची सोय तुम्हीच बघा. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टायवाल्या साहेबाने रॅक गेलाय म्हणून निदान केलं. रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा दांडा. नव्या रॅकची किंमत त्याने अशी सांगितली की तेवढ्यात तसली अर्धी गाडी आली असती. इकडे दोन पालक दुसरी गाडी शोधायला लागले होते. सोमवारी वहिनी गाडी घेऊन दारात उभी राहिली नाही, तर बाकीचेही जाणार हे उघड होतं.

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून जुन्या पार्टच्या बाजारात गेलो. माझी गाडी बायको पहाटेच घेऊन गेली होती. लेकीला बरोबर घेऊन माहेरी, घाटातून. मला गाडीत पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळतं, तरी वाटेत मी वहिनीला जुना पार्ट कसा पारखावा ते सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं आमच्या रक्तातच आहे. अपवाद फक्त दादा. तो आयुष्यभर आपल्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगचं एकच काम करत राहिला आणि पार्ट तपासून झाला की त्यावर खिळ्यासारखा पंच ठेवून हातोडीने ठिपका उमटवायचा. दादाचा ठिपका म्हटलं की बाजारात कुणी घासाघीस करत नसे.

दुकानदार जाड चष्म्याचा, दादाचा जुना ओळखीचा. त्याने तीन रॅक पुढे टाकले. वहिनीने एकेकाचं रबर मागे सारलं, आतलं तेल बोटावर घेऊन बघितलं, दांडा फिरवून कान लावला आणि तिन्ही बाजूला ठेवले. दुकानदार हसला. आत जाऊन त्याने फडक्यात गुंडाळलेला चौथा आणला.

"हा तुमच्यासाठीच राहिला म्हणायचा, वहिनी. तुमच्याच घरचा माल."

रॅकवर दोन ठिपके होते, शेजारी शेजारी. वहिनीने हात मागे घेतला. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं दादाच्या आठवणीने गलबलून आलं असेल.

"असे किती होते?" तिने विचारलं.

अकरा, वेगवेगळ्या गाड्यांचे, दुकानदार अभिमानाने सांगायला लागला. एक ठिपका म्हणजे एकदा तपासलेला, दोन म्हणजे दोनदा. त्यामुळे गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं. दहा केव्हाच गेले, हा शेवटचा.

"एक ठिपका म्हणजे चांगला," वहिनी म्हणाली. "दोन म्हणजे बाद."

दोन ठिपक्यांचा माल दादाने गॅरेजच्या बाहेर कधी जाऊच दिला नव्हता, मग बाजाराला कळणार कसं? तो कोपऱ्यात साठवायचा आणि दर शनिवारी स्वतःच्या हाताने घणाने फोडायचा, कुणी उचलून वापरू नये म्हणून. शेवटच्या आठवड्यात तो गुरुवारीच गेला. शनिवार आलाच नाही. पुढे गॅरेज रिकामं करताना वहिनीने तो ढीग न फोडता भंगारात वजनावर दिला, आणि भंगारातून तो इथे पोचला.

दुकानदाराने शटर निम्मं खाली ओढलं. त्याने हळू आवाजात समजावलं की झालं ते झालं, उगाच बोंबाबोंब कशाला, दादाचंच नाव खराब होईल. मग त्याने खालच्या फळीवरून एक रॅक काढला. एकच ठिपका, वहिनीच्याच गाडीचा.

"हा घेऊन जा. काही देऊ नका. फक्त ही गोष्ट इथेच राहू द्या."

तो रॅक वहिनीने बराच वेळ हातात धरला. तिचा सोमवार त्यात होता. मला मात्र दुसरंच दिसत होतं आणि माझी पाचावर धारण बसली होती.

मागच्या वर्षी माझ्या गाडीचा रॅक मी इथूनच घेतला होता. दोन ठिपके बघून, दादाचा हात आपल्या गाडीला लागलाय या कौतुकाने. वहिनीला बोललो नव्हतो. दादाचं नाव निघालं की ती दिवसभर गप्प होते. आता बोललो. वहिनीने फक्त "फोन लाव" म्हटलं.

पहिल्यांदा वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. बायको गाडी चालवताना फोन घेत नाही, या तिच्या शिस्तीचा मला एरवी अभिमान आहे. त्या क्षणी राग आला, रडूही आलं. वहिनी माझं मनगट घट्ट धरून उभी होती. पाचव्यांदा लेकीने उचलला. घाट निम्मा चढून झाला होता. आई म्हणतेय आज वळणावर गाडी जड जातेय, लेक सांगत होती.

वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला. "बाळा, आईला सांग, गाडी आत्ता डोंगराच्या बाजूला घे. हळू. थांबलात की दोघी खाली उतरा." मग आम्ही नुसते ऐकत राहिलो. दरवाजा उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ बायकोचा वैतागलेला प्रश्न, की झालंय तरी काय. एवढा गोड वैताग मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मी दुकानातल्या टायरवर बसलो. वहिनीने एका ठिपक्याचा तो रॅक परत खालच्या फळीवर ठेवला. भिंतीशी टेकलेला घण तिने उचलला आणि दोन ठिपक्यांच्या रॅकवर घातला. पहिला घाव चुकला. तिसऱ्या घावाला त्याचं आवरण फुटलं. तिने शटर पूर्ण वर ढकललं. शेजारचे दुकानदार आवाज ऐकून जमलेच होते.

"ढीग मी विकला होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आता उरलेले नऊ कुणाला दिलेत, ते सांगा."