बेटावरच्या सात बायका

अंकलइतक्या भक्तिभावाने इतका भिकार सिनेमा बघणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. बोलपट नवेनवे निघू लागले तेव्हाचा तो सिनेमा. नारळांनी भरलेलं बेट, तिथली राजकन्या आणि गलबत फुटून किनाऱ्याला लागलेला नायक. हा नायक राजकन्येकडे न बघता झाडात लपवलेल्या माइककडे बघून प्रेमाची कबुली देतो. मी पहिल्यांदा खो खो हसले. अंकल म्हणाले, "हस गं, मी पण हसतो. फक्त पूजेचा सीन आला की गप्प बस."

अंकल वसईचे कॅथलिक. पेंडल हिल या उपनगरात, स्टेशनमागच्या युनिटमध्ये, म्हणजे लहानशा फ्लॅटमध्ये, एकटेच राहायचे. बायको गेलेली, मुलगा दूर पर्थला. मी पुण्याहून नव्वदच्या सुमारास जवळच्याच पॅरामॅटाला नोकरीला आले होते आणि या देशात मला कुत्रं विचारत नव्हतं. भारतीय दुकानात तांदूळ घेताना आमची ओळख झाली. मग दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे माशाचं कालवण, भात आणि भाच्याने मुंबईहून पाठवलेली त्या सिनेमाची व्हिडिओ टेप.

त्या बेटाचं शूटिंग वसईच्या किनाऱ्यावर झालं होतं. बेटावरच्या बायका म्हणून गावातल्याच सात जणी उभ्या केलेल्या, तोंडाला काजळी फासून. त्यातली एक अंकलची आई. अंकल दोन वर्षांचे असताना ती गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"बाबा सांगायचे, सातांतली एक ती. कुठली, ते विचारायचं राहूनच गेलं," अंकल म्हणायचे. मग टेप थांबवून, "माझं नाक कुणाला आहे, बघ."

"तिसरी?"

"मागच्या खेपेला पाचवी म्हणालीस. मन लावून बघ जरा."

एका रविवारी नाकांचा मला अगदी कंटाळा आला होता. अंकल भात उतरवायला आत गेले आणि मी उगीच बायकांचे हात बघत बसले. दगडाच्या देवापुढे सगळ्या हात जोडून वाकतात. कडेच्या बाईने मात्र वाकता वाकता कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना भरभर बोटं लावली.

"अंकल, ही बाई क्रूसाची खूण करतेय."

त्यांनी टेप चार वेळा मागे नेली. ती खूण ते लहानपणापासून रोज बघत आलेले, म्हणून त्यांना वेगळी दिसलीच नव्हती.

"बाबा म्हणायचे, ती चूल पेटवतानासुद्धा करायची," ते हळूच म्हणाले. "दगडाला हात जोडा म्हटल्यावर घाबरली असेल गं."

चेहरा काजळीत काही नीट दिसत नव्हता. तरी ते बघत राहिले. भात तसाच निवला. निघताना त्यांनी मला डब्यात कालवण भरून दिलं आणि दारात म्हणाले, "आता थोडे रविवार येऊ नकोस, पोरी. आम्हा दोघांना जरा बसू दे."

मी "नो वरीज, अंकल" म्हटलं आणि स्टेशनवर आले. त्यांच्यासाठी मला फार बरं वाटत होतं. पण या देशात मला जायला एकच घर होतं, आणि त्याचं दार मीच लावून आले होते.