पालथा ग्लास

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनवर कुणी बोलेना झालं की मी दोनदा "हॅलो, हॅलो" करायची आणि प्लग खेचायची. नोकरीच तशी होती. घरीही माझा हाच खाक्या, त्यामुळे राजेंद्र नगरच्या शनिवारच्या बैठकीने पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं.

ती बैठक माझ्या धाकट्या भावासारख्या माणसांची होती. भाऊ तेव्हा तिशी ओलांडलेला. दाढी स्वतः करायचा, जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीतून दळण आणायचा, पण कुठलीही गोष्ट समजायला त्याला वेळ लागायचा. शाळा दुसरीतच सुटली होती. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो आणि त्याच्या वतीने सगळं मीच बोलायला लागले. न्हाव्याला केस किती कापायचे ते मी सांगायची, पाहुण्यांना त्याची तब्येत मी सांगायची. एका निवृत्त शिक्षिकेने अशी आठ-दहा मोठी माणसं आपल्या घरी जमवली होती. इथे यांनी आपलं आपण बोलायचं आणि आपलं आपण ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. आम्हा सोबत आलेल्यांना त्यांनी सरळ व्हरांड्यात बसवलं.

खिडकीतून दिसायचं सगळं. कुणाला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत सगळे थांबायचे. पंखा फिरतोय, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत जातोय, आणि आत दहा माणसं एकाच्या तोंडाकडे बघत बसलीत. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. एकदा मी खिडकीतूनच भावाचं उत्तर देऊन टाकलं, तर शिक्षिकाबाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मी पुढचे दोन शनिवार त्यांच्याशी बोलले नाही.

ग्लासची पद्धत तिथलीच. ती सुरू केली जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका बाईने. चाळिशीची असेल, आवाज खणखणीत. चहा नको म्हणून तिने एकदा आपला स्टीलचा ग्लास पालथा घातला. पुढच्या वेळी शिक्षिकाबाई भरभर काहीतरी समजावत होत्या, तेव्हा तिने पुन्हा ग्लास पालथा घातला.

"चहा नकोय का?" बाईंनी विचारलं.

"चाय पाहिजे. तुमचं बोलणं नको. समझतच नाहीये."

तेव्हापासून ठरलं. ज्याला समजलं नाही त्याने ग्लास पालथा घालायचा, आणि बोलणाऱ्याने तिथेच थांबून काय समजलं नाही ते विचारायचं. भाऊ कापडी पिशवीत स्वतःचा ग्लास घेऊन जायला लागला. मग घरीही जेवताना माझं बोलणं चालू असलं की ठण्णकन ग्लास पालथा. "ही थेरं इथे नकोत," मी म्हणायची. तो हसून वरण वाढून घ्यायचा.

गणपतीच्या दिवसांत त्याच्या जांघेत फुगवटा दिसला. लिंबाएवढा. किती दिवस लपवला होता कोण जाणे. पलासियातल्या एका सर्जनकडे त्याला घेऊन गेले. डॉक्टर आपल्यातलेच, इंदुरी मराठी बोलणारे.

"बघा ताईजी, हर्निया मामूली चीज आहे, पण लटकवून ठेवायची नाही. आतडं फँसलं तर जिवावर येतं. ऑपरेशन करून टाकू."

"करू," मी म्हटलं.

"नाही," भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं जे सांगेन ते ऐकणारा माणूस. डॉक्टरांनी हसून माझ्याकडे बघितलं, जसं काही लहान मुलाने हट्ट केला. मी त्याला रस्त्यात रागावले, सवारीच्या टेम्पोत समजावलं, घरी त्याच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करून पुन्हा विचारलं. उत्तर एकच, नाही. कारण विचारलं की ताट उचलून मोरीकडे. हाताला धरून टेबलावर झोपवावं असा विचारही मनात येऊन गेला, पण धरून आणलेल्या माणसाला हात लावायला डॉक्टर तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा दीड हात उंच होता.

शनिवारी मी शिक्षिकाबाईंना गाठलं.

"तुम्ही त्याला नाही म्हणायला शिकवलंत, आता तुम्हीच हो म्हणायला शिकवा."

"मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याने विषय काढला तर बोलणं होईल."

"आणि तोवर त्याला काही झालं तर?"

त्यांचाही चेहरा उतरला. पण त्या आत गेल्या आणि खिडकी लागली. आत काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, कारण आतलं बाहेर सांगायचं नाही हाही तिथला नियम. चष्मेवालीला मी बाहेर आल्यावर विचारलं, तर ती म्हणाली, "त्यालाच विचारा ना भिया." इंदुरात भिया म्हणजे भाऊ, पण बाईमाणसालाही भिया म्हणणारी ती एकटीच.

ते दिवस मी काढले कसे ते माझं मला माहीत. तो खाली वाकला की मी हातातलं टाकून धावायची. दळणाचा डबा मी उचलायला लागले. ड्यूटीवर बोर्डासमोर बसून लोकांना ट्रंक कॉल जोडून देताना कान मात्र आपल्याच नावाचा निरोप येतोय का इकडे.

दिवाळीचा फराळ चालू होता. चकली पाडता पाडता तो पोट धरून खाली बसला. फुगवटा दगडासारखा घट्ट, कपाळावर घाम. मी त्याला आडवं केलं, पाय वर घेतले, देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. थोड्या वेळाने ते आपोआप सैल पडलं. पहिला टेम्पो पकडून आम्ही पलासियाला निघालो. तशातही तो पिशवी विसरला नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि ते माझ्याकडे वळले. "आता वाट बघणं म्हणजे बेवकूफी. कधीपासून दुखतंय याला?"

"तासभर झाला. उलटी नाही झाली. सकाळी दोन चकल्या खाल्ल्या," मी म्हटलं.

"आधी कधी बेहोशीचं इंजेक्शन दिलंय?"

"नाही. तो सुईला घाबरतो, पण मी धरते त्याला."

टेबलावर ठण्ण आवाज झाला. ग्लास पालथा. डॉक्टरांना काही कळेना. ते बोलत राहिले, तर भावाने ग्लास उचलून त्यांच्या हाताजवळ पुन्हा आपटला.

"हे काय चाललंय?"

"त्याला काहीतरी समजलेलं नाही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि तेवढ्यावर मी थांबले.

डॉक्टर चष्मा काढून पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले. "काय नाही समजलं भाई?"

बाहेर पलासियाच्या चौकात हॉर्न. मी ओठ दाताखाली धरून बसले. प्लग खेचायला हात शिवशिवत होता.

"दुखतं मला," भाऊ म्हणाला. "ताई का सांगते?" आणि मग, "ताई बाहेर."

मी बाहेर बाकावर बसले. दार बंद झालं. आत तो पुन्हा नाही म्हणाला तर मी काय करणार होते? काहीच नाही. आई गेली तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. तेव्हा निदान सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. आतून डॉक्टरांचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आवाज. नर्सने मला पाणी आणून दिलं, ते मी सांडलं.

दार उघडलं. "काय ठरलं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"त्यालाच विचारा," ते म्हणाले. हे वाक्य इंदुरात त्या वर्षी फारच चालत होतं.

भाऊ ग्लास पुसून पिशवीत ठेवत होता. मी विचारलं आणि गप्प उभी राहिले. त्याने पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"उद्या सकाळी. मी हो म्हटलं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, काय करणार ते."

मी भिंतीला टेकले.

"पण जवळ तू नको," तो म्हणाला. "चष्मेवाली पाहिजे. आमचं शनिवारीच ठरलंय."

"अरे, मी तुझी बहीण! मी का नको?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली.

"तू घाबरतेस. मग मला दोघांचं घाबरावं लागतं. म्हणून नाही म्हणत होतो."

त्या रात्रीपुरतं त्याला तिथेच ठेवून घेतलं. मी राजेंद्र नगरला जाऊन चष्मेवालीला निरोप दिला. ती निघायच्या तयारीतच बसल्यासारखी लगेच म्हणाली, "येते भिया." सकाळी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत ती त्याचा हात धरून गेली. पिशवी त्याने माझ्या हातात दिली. मी बाकावर बसून रडून घेतलं, पोटभर, कारण तो बघत नव्हता.

दुपारी मला आत सोडलं. चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे. चष्मेवाली उशाशी बसलेली. मी सुरू झाले, दुखतंय का, तहान लागली का, डॉक्टर म्हणाले छान झालंय, परवा घरी जाऊ. त्याने हात पुढे केला. मी पिशवीतून ग्लास काढून दिला. त्याने तो छातीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

"काय समजलं नाही?" मी विचारलं.

"सगळं समजलं," तो म्हणाला. "आता तू घरी जाऊन झोप."