तेबोराबाईंनी मागितलं

आमच्या बेटावर मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. कुणी दारात येऊन खाली बसलं आणि ‘बुबुसी’ म्हणालं, की मागितलेली वस्तू त्याची. मग ती मच्छरदाणी असो नाहीतर डुक्कर. एकदा नाही म्हटलं तर ती लाज नातवंडांना पुरते. फक्त ऊठसूट मागत सुटायचं नाही, एवढंच पथ्य.

आठवीला शिकवणाऱ्या तेबोराबाईंच्या आईनं हे पथ्य कधी पाळलं नाही. ती वाटेत दिसली की बायका पातेली आत नेऊन ठेवायच्या. तेबोरानं हे लहानपणी पाहिलं आणि ठरवलं, मरेन पण मागणार नाही. पन्नाशी उलटली तरी तिनं शेजारी चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. द्यायला मात्र ती कायम तयार असायची, आणि गावाला तेवढंच पुरेसं होतं.

अशा बाईच्या ताब्यात सरकारनं दहा लॅपटॉप दिले. आठवीची परीक्षा यंदापासून कॉम्प्युटरवर होणार होती. तपासणीला वर्गात किमान आठ चालू दिसले तर परीक्षा आमच्या शाळेत, नाहीतर आमची अकरा मुलं परीक्षेविना घरी. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, जाडजूड पुस्तिका मिळाली. ‘प्रत्येक विषयात कॉम्प्युटर मिसळा,’ असं तीत लिहिलं होतं. तेबोरानं तो इमानेइतबारे मिसळला. आमच्याकडे अळू खोल खड्ड्यात लावतात, त्या खड्ड्याच्या काठावर पोरांना बसवून खड्ड्याचं क्षेत्रफळ लॅपटॉपवर काढायला लावलं. ज्यांना नऊचा पाढा येत नव्हता ती पोरं गावातल्या खड्ड्यांचे तक्ते करू लागली.

मग गाव मिसळायला लागलं.

पहिली आली पाद्रीबाई. खाली बसली, घाम पुसला.

“बुबुसी, तेबोरा. गाण्याच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या गं. एक लॅपटॉप दे.”

“अगं, ते सरकारचे आहेत.”

“मग? सरकार काय परकं आहे का?”

तेबोरानं दिला. दुसरा मिकाएरेनं नेला, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायला. आयुष्यभर तो ते आकाशाकडे बघून सांगत आला होता. म्हातारी काइरा एक घेऊन गेली आणि मच्छरदाणीत बसून पत्ते खेळायला लागली. दोन महिन्यांत नऊ गेले. दहावा कुणी नेला ते सांगायला मला लाज वाटते. मी शेजारच्या वर्गात पहिली-दुसरी शिकवते, तेबोराची चुलतबहीण लागते. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते. मी खाली बसले आणि मागितला. तिनं माझ्याकडे पाहिलं, वायर नीट गुंडाळली आणि हातात दिला. पुढं ती फळ्यावर खडूनं कॉम्प्युटर काढून शिकवायची. पोरं फळ्यावरच्या बटणांवर बोट ठेवायची आणि बोटं पांढरी करून घरी जायची.

तपासनीस मंगळवारच्या विमानानं येणार असा निरोप रविवारी आला.

“जाऊन सांग ना सगळ्यांना, परत द्या म्हणून,” मी म्हटलं.

“दिलेलं परत मागतात का?”

“मग काय करणार?”

तिनं केस बांधले, स्वच्छ लुंगी नेसली आणि निघाली. सगळ्यात आधी माझ्याच ओट्यासमोर येऊन खाली बसली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढं वाकावं लागलं.

“बुबुसी. तुझ्याकडे लॅपटॉप आहे, तो मला दे.”

मला रडू आलं, पण मी लॅपटॉप दिला. अशी ती दहा घरी बसली. गावातल्या म्हाताऱ्या तिला बघून म्हणाल्या, “अगदी आईवर गेली.” तिनं ते ऐकलं.

तपासनीस बाउरोसाहेब मंगळवारी आले. मोठ्या बेटावरच्या निवासी शाळेचे ते प्रमुखही होते. वर्गात दहाच्या दहा चालू. पोरांनी अळूच्या खड्ड्यांचे तक्ते दाखवले. साहेब भारावले. संध्याकाळी गावच्या सभागृहात जेवण झालं, मासे, भात, ताजी गोड ताडी. सगळं गाव बसलेलं असताना साहेब सरकत सरकत तेबोरासमोर आले आणि मांडी घालून बसले.

“तेबोराताई, तुझे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ.”

“ते माहीत आहे.”

“आमच्या शाळेतले सगळे लॅपटॉप बंद पडलेत. पुढच्या महिन्यात मंत्री यायचेत. बुबुसी. तुझे दहा मला दे.”

आम्ही सगळे चोरच, त्यामुळे साहेबाला चोर म्हणायला कुणाचं तोंड उघडेना.

“घ्या,” तेबोरा म्हणाली.

साहेब उठायला लागले. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

“आता माझी बुबुसी. माझी अकरा पोरंही न्या. राहणं, जेवण, परीक्षा, सगळं तुमच्याकडे. पुढची शाळासुद्धा.”

“अगं ताई, जागा...”

“मी मागितलंय, बाउरो. गाव बसलंय.”

साहेबांनी गावाकडे पाहिलं. गावानं साहेबांकडे पाहिलं. “दिलं,” ते म्हणाले.

गुरुवारी होडीतून दहा खोकी आणि अकरा पोरं गेली. खोक्यांवर ताडपत्री घातली होती, पोरांवर नाही. महिन्यानं अहवाल आला. ‘कॉम्प्युटर अध्यापनात पूर्णपणे मिसळला आहे,’ असा शेरा होता. आमच्या शाळेत तेव्हा ना कॉम्प्युटर होता, ना आठवी. तेबोरा रोज वेळेवर यायची, फळा पुसायची आणि रिकाम्या बाकांसमोर बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं, पण करणार काय?

एका सकाळी ती माझ्या वर्गाच्या दारात आली आणि पोरांच्या देखत खाली बसली. या खेपेला आवाज चांगला खणखणीत होता.

“बुबुसी. तुझी दुसरी मला दे.”

चौदा पोरं, माझ्या हातानं अक्षर वळवलेली. उचलली पाटी-दप्तरं आणि गेली तिच्यामागून. आता माझ्याकडे फक्त पहिली उरली आहे. तेबोरा व्हरांड्यातून येताना दिसली, की मी माझ्या पोरांना जरा आत सरकवून घेते.