शास्त्रांचं कपाट आणि सरस

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आमच्या कारंज्यातल्या कापडदुकानाला लोखंडी शटर बसलं आणि जुन्या सागवानी फळ्या निकामी झाल्या. सकाळी एकेक काढून भिंतीला टेकवायच्या, दुकान बंद करताना पुन्हा ओळीनं खोबणीत सरकवायच्या, अशा त्या फळ्या. ओळ चुकू नये म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला होता. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, त्या विकल्या नाहीत. घरातली शास्त्रं पत्र्याच्या पेटीत होती, त्यांच्यासाठी या फळ्यांचं कपाट करायचं त्यांनी ठरवलं, आणि तेही स्वतःच्या हातानं. त्याआधी त्यांनी कधी रंधा धरलेला नव्हता. आमच्या घरासमोर एक सुतार मिस्त्री राहत, त्यांना विचारून विचारून बाबूजी शिकले.

मी सुट्टीत वसतिगृहातून घरी आले तेव्हा कपाट ओसरीत उभं होतं. दारं नीट लागत होती, कप्पे सरळ होते. पण अंगावर सगळीकडे भोकं. खिळ्यांची, कोयंड्यांची, कुठे घाव बसल्याची, आणि डाव्या दारावर ठसठशीत सातचा आकडा. बाबूजी मोठ्या आशेनं माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी "छान झालंय" म्हटलं. मनात आलं ते वेगळंच होतं: हे तिला दिसणार.

ती म्हणजे माझी वसतिगृहातली मैत्रीण. श्रुतपंचमीला ती वडिलांबरोबर कारंज्याची मंदिरं पाहायला येणार होती आणि दुपारी आमच्याकडे जेवणार होती. तिच्या अकोल्याच्या बंगल्यातल्या टेबलात आपला चेहरा दिसतो. मी तिथे एकदा राहिले होते, आणि तेव्हापासून आमच्या घरातली एकेक वस्तू मला तिच्या नजरेनं दिसू लागली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. श्रुतपंचमीलाच आम्हा जैनांत शास्त्रं बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनांत बांधतात. त्याच दिवशी ती कपाटात ठेवायची होती.

भोकं बुजवायला बाबूजी बाभळीचा डिंक भिजवून त्यात सागाचा भुसा कालवत. ओला असताना तो लगदा छान बसे. उन्हाळ्याच्या झळांनी दोन दिवसांत सुकून आकसे, कडेनं फट पडे, आणि नख लावलं की गोळी टपकन बाहेर. असं तीनदा झालं.

मिस्त्री समोरच्या आपल्या ओट्यावरून पाहत असत.

"शेठजी, कायले जीव काढून राह्यले? सरस टाका थोडासा. दगडावानी होते."

"ते चालत नाही आपल्याले."

"दिसते थोडं कोनाले?"

"मिस्त्री, शास्त्रं ठेवाचे हायेत त्याच्यात. जनावराचं कातडं उकळून काढलेला तुमचा सरस, अन् त्याच्यावर जीवदयेचं शास्त्र ठेवू मी?"

"मंग बसा डिंक चाटत," मिस्त्री हसून म्हणाले. बाबूजीही हसले आणि चौथ्यांदा डिंक भिजवायला उठले.

मी दारात उभी राहून हे सगळं ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

चौथ्यांदा डिंक भरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाबूजी आणि आई सकाळच्या गाडीनं अनसिंगला एका लग्नाला गेले. संध्याकाळी परतणार होते. मी पितळी वाटी पदराआड धरून समोर गेले. मिस्त्री चुलीवर सरसाचं डबडं गरम करत होते.

"या बाई. हारला वाटते शेठजीचा डिंक?"

"थोडा सरस हवाय."

त्यांनी हातातली काडी थांबवली. "शेठजीले चालते?"

"त्यांनीच सांगितलंय."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "त्यायनं सांगतलं असन तं घ्या," म्हणाले, आणि वाटीत ओतलं. वर हेही सांगितलं की भुशात चिमूटभर गेरू टाका, तेल लागल्यावर रंग सारखा दिसतो.

केसांच्या पिनेनं मी बाबूजींचा डिंक एकेका भोकातून उकरून काढला. तो अजून आत ओला होता. त्याजागी सरस, भुसा, गेरू दाबून भरला. सातचा आकडाही भरला. दुपारच्या उन्हात तो दगड झाला. मग काचकागदानं घासलं, तळव्याला काही लागेनासं होईपर्यंत. ओसरीत कुबट वास रेंगाळत होता. तो जावा म्हणून मी कपाटासमोर उदबत्ती लावली.

संध्याकाळी बाबूजी चपला काढून आधी कपाटाकडे गेले. अंगठा फिरवला, नख लावून पाहिलं.

"घासलं कोनं?"

"मी."

"पाह्यलं? म्या म्हटलं होतं का नाही, चौथ्या खेपेले बसते म्हनून. डिंकाले घाई चालत नाही." आणि त्यांनी ओट्यावरून हाक मारली, "ओ मिस्त्री! या इकडं. तुमचा सरस न लावता काम झालं, पाहून घ्या."

मिस्त्री आले. वाकून बोट फिरवलं. मी खांबाला धरून उभी होते. त्यांना एका स्पर्शात कळलं असणार, त्यांचाच माल होता. एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मानलं शेठजी," ते म्हणाले. "डिंक पक्का बसला."

बाबूजींनी त्यांना चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत त्यांची थट्टा केली. मिस्त्री सगळं ऐकून घेत होते. माझं खोटं आता एका कष्टकरी माणसाच्या तोंडून निघालं होतं, आणि वर तोच हार मानून बसला होता. त्यानंतर ते ओट्यावर दिसले की मी मागच्या दारानं बाहेर पडत असे.

बाबूजींनी जवसाचं तेल चोळलं. भोकं कुठे होती ते मलाही ओळखू येईना.

श्रुतपंचमीच्या सकाळी आईनं पिवळ्या वेष्टनांत बांधलेली शास्त्रं चौरंगावर मांडली. बाबूजी सोवळ्यात होते. त्यांनी पहिलं शास्त्र दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. मैत्रीण यायला अजून तीन तास होते. मी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळणार नव्हतं. त्यांचे हात कप्प्यापाशी पोचले.

"बाबूजी, ठेवू नका. त्यात सरस आहे."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते नुसते थांबले.

"कोनं भरला?"

"मी. मिस्त्रींना सांगितलं, तुम्हीच मागवलाय."

शास्त्र त्यांनी पुन्हा चौरंगावर ठेवलं. आईनं पत्र्याची पेटी पुसायला घेतली.

"अन् मी त्या माणसाले हसून राह्यलो होतो," बाबूजी म्हणाले. मग सोवळ्यातच उठून समोर गेले. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. मिस्त्री दोन्ही हात हलवून काहीतरी नको नको म्हणत होते.

परत आल्यावर ते मला म्हणाले, "उकरलं तरी आतून निघनार नाही ते. मुरलं लाकडात." आवाजात राग नव्हता. "राहू दे. तुया इंग्रजी पुस्तकायले कामी येते हे कपाट. ठेव त्याच्यात."

मैत्रीण वडिलांबरोबर बाराला आली. जेवणाआधी ती ओसरीत हिंडली, कपाटापाशी थांबली आणि दारावरून हात फिरवत इंग्रजीत म्हणाली की किती गुळगुळीत आहे, कुणी केलं. मी 'माझ्या वडिलांनी' म्हणाले. मला तेवढं तरी खरं बोलायचं होतं. बाबूजी ताटं मांडत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण हात फिरवणं कळत होतं.

"भोकं हिनं भरले," ते माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले. "मले नाही जमलं ते."

ती कौतुकानं माझ्याकडे वळली. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि तांब्या भरून झाल्यावरही तिथेच उभी राहिले.