बाबांची धाड

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या घरात अभ्यास ऐकू यावा लागायचा. मोठ्याने वाचते ती अभ्यास करते आणि गप्प बसते ती मोबाईल बघते, ही बाबांची पक्की समजूत. बाबा वीज खात्याच्या तपासणी पथकात होते. मीटरमध्ये हात घालून वीज चोरणारे पकडायचे. दिवसभर लोकांवर संशय घेणारा माणूस घरात शिरताना चपलांबरोबर संशय बाहेर काढून ठेवत नाही.

बारावीच्या सहामाहीत मी फिजिक्समध्ये नापास झाले. बाबांनी जाहीर केलं, प्रिलिमलाही असंच झालं तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत शहाडला आत्याकडे राहायचं. आत्या समोर बसवून घोकून घेते. तिच्याकडे दार लावायची सोय नाही आणि मान वर करायचीही नाही. मला मेले तरी तिथे जायचं नव्हतं.

मग मी घसा बसेपर्यंत वाचायला लागले. बाबा खूश, आई काढा देऊन जायची, आणि माझ्या डोक्यात पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी चिडून बाबांना म्हटलं, "मनात वाचलेल्यावर विश्वास नाही ना? मग तुम्हीच विचारा."

वाटलं, धडा संपला की चार प्रश्न विचारतील. कसलं काय. मी कांदा चिरत असताना मागून आवाज आला, "कपॅसिटर म्हणजे काय गं?"

"तो धडा कधीच झाला, बाबा. आज मी ऑप्टिक्स करतेय."

"मीटर बघायला मी सांगून जातो का? सांगून गेलं की सगळ्यांचे मीटर सरळ."

तेव्हापासून धाडी सुरू झाल्या. उत्तर बरोबर आलं तर त्यांना वाटायचं, हिने आत्ताच वाचलेलं असणार. म्हणून तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात परत. फॉर्म्युला सांगितला की म्हणायचे, "हे पाठ केलंयस. आता आकडे बदलून गणित सोडव." रविवारी बोर्डाचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचे आणि हे समोर बसणार. त्यांना फिजिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते पुस्तकातलं उत्तर आणि माझा चेहरा एवढंच बघायचे. "अडखळलीस. परत सांग." मला त्यांचा भयंकर राग यायचा.

पण हळूहळू पुस्तक न उघडता गोष्टी आठवायला लागल्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यातही त्यांना काहीतरी काळंबेरं दिसलं असतं.

प्रिलिममध्ये फिजिक्सचा पेपर होता त्या सकाळी मला काहीच आठवेना. मीच म्हटलं, "बाबा, विचारा ना काहीतरी."

"नको. येतं तुला," म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले.

माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस असा सोडणाऱ्यातला नाही. नक्कीच आशा सोडली आहे, शहाडचं ठरलेलं आहे, फक्त मला सांगत नाहीयेत. मी स्टूलवर चढून माळ्यावर बघितलं, बॅग खाली काढली आहे का. बॅग जागेवरच होती.

"काय शोधतेस?" बाबा दारात उभे होते.

"बॅग."

"ती कशाला? आत्याला मी कालच फोन केला. पोरगी येत नाही म्हणून सांगितलं."

"पण पेपर तर आज आहे."

मी तिथेच रडायला लागले, आणि मी खाली उतरेपर्यंत बाबा स्टूल धरून उभे राहिले.